मूळपुरुषाचं घोडं आणि हेळव्याची वही

आमचा मूळपुरुष घोड्यावरून पडला, म्हणून आम्ही बंगळूरचे. हे शब्द माझे आहेत. आप्पा, म्हणजे माझे वडील, असं कधीच म्हणाले नसते. त्यांच्या तोंडी ते घोडं पडत नसे, गुडघे टेकून बसत असे.

चिकपेटेच्या मागच्या गल्लीत आमचं फेट्यांचं दुकान होतं. मागच्या बाजूला आणि माडीवर घर. लग्नाचे, सत्काराचे जरीचे म्हैसुरी फेटे आप्पा बांधून देत. दसऱ्यात आयुधपूजेच्या सकाळी कात्र्या, इस्त्री आणि फेटे चढवायचे लाकडी ठोकळे यांना हळदकुंकू वाहून झालं, दारात कोहळा फोडून झाला, की नातलग आणि शेजारी सतरंजीवर बसत आणि आप्पा सांगायला लागत. तीनशे वर्षांमागं मराठी फौज दक्षिणेत उतरली, त्या फौजेत आमचा मूळपुरुष पांढऱ्या घोड्यावर होता. एका तळ्याच्या काठी घोडं गुडघे टेकून बसलं, ते काही केल्या उठेना. त्यानं भाला जमिनीत रोवला आणि तिथंच आडवा झाला. स्वप्नात देवी आली आणि म्हणाली, इथून हलू नकोस. जागा होऊन बघतो तर भाल्याला पालवी. इथं आप्पा थांबत, समोरच्यांकडे बघत, आणि कुणीतरी म्हातारं ‘हूं’ म्हणेपर्यंत पुढं जात नसत.

भाल्याचा पुढं पिंपळ झाला म्हणे. तो नेमका कुठला पिंपळ, हे आप्पांच्या सांगण्यात दोन-तीन वर्षांनी बदलत असे. तळं तर केव्हाच आटून त्याचं मैदान झालं होतं. त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं. अख्खी गोष्ट पाव तासात संपायची आणि मूळपुरुषापासून आप्पांपर्यंतची तीनशे वर्षं एका वाक्यात उरकायची: ‘तेव्हापासून आम्ही इथं.’ मधल्या माणसांनी काय केलं, जेवली की उपाशी राहिली, कुणी विचारत नसे. मी लहानपणापासून खोचक. मला वाटायचं, देवीनं एकाला सांगितलं हलू नकोस, आणि बाकीच्यांनी नुसतं न हलण्यात सगळी वर्षं घालवली.

त्या बाकीच्यांची खबर हेळव्याकडे होती.

हेळवी आमच्याकडे चार-पाच वर्षांतून एकदा येई. बेळगावच्या बाजूच्या एका खेड्यातला. आपल्या वाट्याला आलेल्या घराण्यांच्या वंशावळी तोंडपाठ ठेवायच्या, दारोदार जाऊन त्या म्हणून दाखवायच्या, मधल्या वर्षांत कोण जन्मलं, कोण गेलं ते वहीत चढवायचं, हे त्याचं पिढीजात काम. म्हणायचं ते बैलावर बसूनच. त्यांचा पहिला पूर्वज पांगळा होता आणि देवानं त्याला हिंडायला बैल दिला, म्हणून. गावाकडे त्याचा स्वतःचा बैल होता, पण बंगळूरला तो रेल्वेनं येई आणि मार्केटजवळच्या एखाद्या गाडीवानाचा बैल सकाळपुरता मागून आणी. त्या शहरी बैलाला पाठीवर माणूस बसवून घ्यायची सवय नसे. पहिल्या दोन पिढ्या तो जागच्या जागी गोल फिरण्यात घालवी.

मी नऊ वर्षांची असताना त्याला पहिल्यांदा नीट ऐकलं. पन्नास साल उलटून पाचेक वर्षं झाली असतील. आप्पा कट्ट्यावर हात जोडून उभे, आई उंबऱ्याच्या आत, गल्लीतली माणसं दोन्ही बाजूंना. आम्ही त्याला हेळवी अज्जा, म्हणजे आजोबा, म्हणायचो. अज्जानं डोळे मिटले आणि एका सुरात सुरुवात केली. सगळ्यात वरचा पुरुष फौजेत खोगिरं शिवणारा. त्याला ताप भरला, फौज पुढं गेली, तो मागं राहिला. स्वतःचं घोडं त्याला नव्हतं. मग त्याच्या मुलाला दोन बायका, थोरलीला मूल नाही, धाकटीला तीन मुलगे. त्यातला एक पटकीनं गेला, एक भावाशी भांडून होसूरला गेला, एक राहिला. राहिला त्याचा एक डोळा अधू. त्याचे चार, त्यातला तिसरा कुस्तीत पाय मोडून बसला आणि बसल्या बसल्या फेटे बांधायला शिकला. जेवणाची वेळ टळली तरी हे चालूच. कुठं आवाज चढला नाही, कुठं थांबून ‘हूं’ची वाट बघितली नाही. मेला त्याच सुरात मेला आणि जन्मला त्याच सुरात जन्मला.

खोगिरं शिवणाऱ्यापाशी मी आप्पांकडे बघितलं होतं. वाटलं, आता भडकतील. ते मान डोलावत होते. आणि त्याच वर्षीच्या आयुधपूजेला घोडं पुन्हा गुडघे टेकून बसलं. मला राहवलं नाही. सगळ्यांदेखत विचारलं, “पण आप्पा, घोडं होतं कुणाचं?”

आईनं असा चिमटा काढला की दंड दोन दिवस काळानिळा होता. आप्पा मात्र रागावले नाहीत. “ते हेळव्याचं वेगळं, हे वेगळं,” एवढंच म्हणाले, जणू मी भात आणि भाकरी यांत खरं कुठलं असं विचारलं होतं.

हेळव्यावर माझा राग होता तो निराळ्या कारणानं. आप्पांच्या पोटी त्यानं लिहिलं: मुलगा एक, आणि पुढं माझ्या थोरल्या भावाचं नाव. मुलगी एक. नाव नाही. विचारलं तर म्हणाला, “लेकी दुसऱ्याच्या वहीत जातात, बाळ.” तिथंही ‘बायको एक’ एवढंच असणार हे माझ्या नऊ वर्षांच्या अकलेला कळलं, आणि त्याच्यासाठी आणलेला ताकाचा पेला मी तसाच आत घेऊन गेले.

अण्णा, माझा भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. दुकानात त्याचं मन रमलं नाही, तो एका कारखान्यात टर्नर म्हणून लागला. हेळवी मधे आणखी एकदा येऊन गेला तेव्हा अण्णा घरातच होता. साठ साल उजाडल्यावर त्यानं लग्न केलं. मुलगी कॅन्टोन्मेंटमधली, तमिळ, ख्रिस्ती, टेलिफोन एक्स्चेंजात कामाला. तो हे सांगायला घरी आला तेव्हा आप्पा एका नवरदेवाचा फेटा बांधत होते. हातातला फेटा पुरा केला, टाचण्या मारल्या, गिऱ्हाइकाला दिला आणि मग म्हणाले, “मला मुलगा नाही. मेला तो.” बाहेरच्या खोलीतला अण्णाचा मॅट्रिकचा फोटो त्यांनी स्वतः उतरवला. भिंतीवर त्याच्या जागी चौकोनी फिकट डाग राहिला, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत तिथं चुना लावायचं कुणाला सुचलं नाही.

त्या वर्षीच्या आयुधपूजेला मी नेहमीप्रमाणे कंटाळून बसले होते. घोडं बसलं, भाला रोवला, देवी आली. “इथून हलू नकोस,” देवी म्हणाली, “आणि तुझ्या वंशातला जो कुणी ही सीमा ओलांडेल, त्याचं नाव या कुळात राहणार नाही.” आप्पा थांबले. म्हाताऱ्यांनी ‘हूं’ म्हटलं. हे वाक्य आजवर कधीही नव्हतं. मी आजूबाजूला बघितलं, एकालाही त्यात नवं काही वाटलं नव्हतं. पुढच्या वर्षी तर आमच्या एक चुलत आत्या मला म्हणाल्या की देवीचा हा शाप त्या लहानपणापासून ऐकत आल्यात. त्या खोटं बोलत नव्हत्या, त्यांना तसंच आठवत होतं. मला भीती वाटली. भाल्याच्या पालवीनं जे कधी वाटलं नव्हतं ते त्या एका वाक्यानं वाटलं.

मी कॉलेजात गेले. एकदा इंग्रजीच्या बाईंनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, सागा आणि लीजंड, आणि दोन्हींतला फरक समजावून सांगितला. लांब उत्तरेकडच्या थंड देशांत लोकांनी घराण्याघराण्यांच्या लांबलचक हकीकती जपल्या. कोण कुणाचा मुलगा, कुठल्या शेतावरून भांडण झालं, कोण कसा मेला, सगळं कोरड्या आवाजात. तो सागा. लीजंड म्हणजे आपली आख्यायिका. एखादी जागा, एखादा पुरुष, एखादी शक्ती, आणि तिथं घडलेला एक चमत्कार. वर्ग वहीत उतरवून घेत होता आणि मी आमचं घोडं घेऊन उभी राहिले. मूळपुरुष आणि हेळवी, दोन्ही सांगितले. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, “मग यातलं खरं कुठलं?”

मी ताडकन म्हणाले, “हेळव्याचं.”

आज इतक्या तडकाफडकी सांगता येणार नाही. ज्या हेळव्याच्या हकीकतीवर माझा एवढा भरवसा, तो स्वतः एका आख्यायिकेवर बसून यायचा, तीही भाड्याच्या बैलाच्या पाठीवर. त्याच्या वहीत निम्मी माणसं नुसती एक, दोन, तीन अशी होती. आप्पांच्या गोष्टीत निदान एक बाई बोलत होती आणि पुरुष तिचं ऐकत होता. एवढं मात्र मी तेव्हाही धरून होते आणि आजही धरते, की आख्यायिका सांगणाऱ्याच्या मुठीत असते. तिला एकच माणूस लागतो, बाकीचे गाळले तरी ती उभी राहते, आणि हवं ते तिच्या तोंडी घालता येतं. हकीकतीत मधला एक काढला की खालचे सगळे लोंबकळतात. म्हणून ती सांगायला कंटाळवाणी आणि मोडायला अवघड.

आईला यातलं काही कळत नव्हतं, आणि सगळं कळत होतं. दर गुरुवारी दुपारी ती ‘भजनाला’ म्हणून निघे. एके दिवशी मला म्हणाली, “तूही चल.” भजन नव्हतंच. बस बदलून आम्ही कॅन्टोन्मेंटच्या पलीकडे अण्णाच्या दोन खोल्यांच्या घरी गेलो. वहिनी ड्यूटीवरून नुकतीच आली होती. आईच्या पिशवीत तळलेले कोडबळे आणि एक लहान लोकरी टोपी. एक सव्वा वर्षाची पोर भिंतीला धरून चालत आली आणि आईच्या पदराला लोंबकळली. म्हणजे हे जन्मापासून चालू होतं. माझ्या भित्र्या आईनं, जिचा आवाज मी आप्पांसमोर कधी ऐकला नव्हता, तिनं कितीतरी गुरुवार हे एकटीनं केलं होतं. मला तिचा अभिमान वाटला आणि मला इतके दिवस सांगितलं नाही म्हणून रागही आला.

मग हेळव्याचं पोस्टकार्ड आलं. गुडघे गेले आहेत, मुलगा गिरणीत लागला, वही पुढं नेणारं कुणी नाही, ही शेवटची खेप. त्या गुरुवारी परतीच्या बसमध्ये आई म्हणाली, “या खेपेला पोरीचं लागायला पाहिजे.”

“कुठं? वहीत? मुलगी एक म्हणून?”

“एक तर एक. लागायला पाहिजे की. वही तर राहते. उद्या आप्पा गेले, मी गेले, मग ही पोर कुणाची?”

“मग तू सांग अज्जाला.”

“सुम्मने बस, उगी. यजमानाच्या तोंडचंच लिहितो तो. माझं लिहील होय?”

तेही खरं होतं. घरातल्या कर्त्या पुरुषानं सांगितलं तेवढंच वहीत चढे. म्हणजे जे आईला हवं होतं ते आप्पांच्या तोंडून यायला हवं होतं. तिनं देवापुढं रोज एक जादा वात लावायला सुरुवात केली. आप्पांनी कारण विचारलं नाही.

हेळवी आला तो एका सकाळी, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून. त्याला उचलून बैलावर बसवावं लागलं. पूर्वज पांगळा होता म्हणून बैलावर बसणारा माणूस आता खरोखरच पांगळा झाला होता. आवाज बारीक झाला होता, पण पिढी एकही चुकली नाही. खोगिरं शिवणारा, अधू डोळ्याचा, कुस्तीत पाय मोडलेला. मी या वेळी प्रत्येकाला ओळखत होते. आप्पांच्या नावापाशी येऊन तो थांबला. लिहायचं असलं की तो खाली उतरे. त्याला कट्ट्यावर बसवलं, त्यानं चष्मा लावला, वही मांडीवर उघडली, टाक दौतीत बुडवला.

“थोरल्या लेकाला काय हाय, यजमान?”

आप्पा म्हणाले, “मुलगा नाही.”

अज्जानं पान मागं उलटलं. “हाय की वो. मागल्या खेपेला मला बैलावर कुनी चढवलं मग?”

“नाव काढून टाका ते.”

हेळवी भांडला नाही. समजूत घालावी तसं म्हणाला, “काढता येत न्हाई, यजमान. भांडून गेला त्यो बी हितं हाय, तुरुंगात गेला त्यो बी हाय. वहीत मानूस एक तर वारला म्हनून थांबतो, न्हाई तर लेकरं झाली म्हनून पुढं जातो. तिसरी रीत न्हाई.”

आप्पा गप्प राहिले. अज्जानं मान वर करून आत बघितलं. उंबऱ्याच्या आत आई तोंडाशी पदर धरून उभी होती आणि तिच्या मागं भिंतीवर तो फिकट चौकोन होता. त्या म्हाताऱ्यानं आयुष्यभर लेक गेलेल्या घरांत हेच बघितलेलं: गप्प झालेला बाप, पदर धरलेली आई, बघवत नाही म्हणून उतरवलेला फोटो. त्यानं डोक्याचा पटका काढला आणि मांडीवर ठेवला.

“माफी करा, यजमान. मला ठावं न्हवतं,” तो म्हणाला. “तरनाताठा पोरगा. अवो, माझ्या डोळ्यांपुढं हाय अजून.” त्यानं डोळे पुसले आणि टाक पुन्हा बुडवला. लिहिताना मोठ्यानं म्हणायची त्याला सवय होती. “थोरला... निपुत्रिक...”

आईनं दाराची चौकट धरली. आप्पांना काही बोलायची गरज नव्हती. नुसतं उभं राहायचं होतं, आणि चार-पाच वर्षं ते जे म्हणत आले होते ते शाईनं कायमचं खरं होणार होतं.

“थांबा!”

आप्पा एवढ्या मोठ्यानं ओरडले की बैल बिचकून दोन पावलं मागं सरला. टाक वहीच्या वर तसाच राहिला.

“जिवंत आहे तो,” आप्पा म्हणाले. मग त्यांचा आवाज खाली आला. “जिवंत आहे. कॅन्टोन्मेंटात राहतो.”

“देवाची किरपा,” हेळवी म्हणाला आणि पटका डोक्यावर ठेवला. “मग लेकरं?”

हे आप्पांना माहीत नव्हतं. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं आणि कुणी सांगायचं धाडस केलं नव्हतं. ते वळले आणि आईकडे बघायला लागले. मला त्या क्षणी त्यांची फार कीव आली. गल्लीसमोर उभं राहून स्वतःच्या वंशाची खबर त्यांना बायकोला विचारावी लागत होती.

“मुलगी आहे,” आई म्हणाली. “दोन वर्षांची होईल आता.”

तुला कसं ठाऊक, असं त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, “नाव?”

आईनं नाव सांगितलं. वहिनीच्या आईचं नाव होतं ते, चर्चमध्ये ठेवलेलं, आमच्या गल्लीत कधी कुणी न उच्चारलेलं.

“मुलगी एक,” हेळवी लिहायला लागला.

“नाव लिहा.”

“लेकींचं लिवत न्हाई, यजमान. रीत—”

“लिहा म्हणतो ना!”

हेळव्यानं एकदा वहीकडे बघितलं, एकदा आप्पांकडे. “सरी, लिवतो,” तो म्हणाला. “पन मला उमगलं न्हाई ते. स्वल्प परत सांगा.”

आईनं तोंड उघडलं, पण आप्पांनी हातानं तिला थांबवलं. ते कट्ट्यावर अज्जाशेजारी बसले, वहीवर वाकले आणि स्वतः नाव सांगायला लागले. पहिल्यांदा जीभ अडखळली. त्यांनी आईकडे बघितलं, तिनं ते सावकाश म्हणून दाखवलं. दुसऱ्यांदा शेवट चुकला. हेळवी टाक धरून वाट बघत होता, घाई करत नव्हता. तिसऱ्या वेळी आप्पांना आपल्या नातीचं नाव नीट घेता आलं.